मुंबई पाहताना : विहारयात्रा आणि धम्मयात्रा

विद्यालयाच्या शैक्षणिक सहलींविषयी स्मरणिकेत काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. सहलीवर लिहिणे म्हणजे स्थळांची यादी देणे, असा आमचाही समज होता. आणि मुंबईतील प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या रेल्वे स्थानकावरील कोणत्याही पुस्तकाच्या गाड्यावर मिळतात. परंतु इतकी वर्षे इतिहास शिकविताना आणि जवळपास दर वर्षी नववीच्या मुलामुलींना घेऊन मुंबईस जाताना काही गोष्टी आम्हांस उशिराने उमगल्या. त्या पालकांपुढे व माजी विद्यार्थ्यांपुढे मांडणे आमचे कर्तव्य आहे, असे वाटते. सहलीचा खर्च पालक करतात. ज्या घरात आठवडी बाजारही हिशेबाने करावा लागतो, त्या घरातून ते पैसे येतात. त्या पैशांत आपल्या मुलांना आम्ही काय दाखविले, हे विचारण्याचा त्यांना अधिकार आहे.

आमची पहिली सहल सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो. देवगिरी एक्सप्रेसने बेचाळीस मुलेमुली घेऊन आम्ही दादरला उतरलो. दोन दिवसांसाठी भाड्याची बस ठरविली होती. मार्ग बसचालकानेच आखून दिला आणि आम्ही तो मान्य केला. गेटवे ऑफ इंडिया, ताजमहाल हॉटेल बाहेरून, मत्स्यालय, चौपाटी, दोन नटांचे बंगले, उपनगरातील एक करमणूक उद्यान आणि परतीच्या दिवशी चैत्यभूमी. चैत्यभूमीस पाऊण तास मिळाला, कारण गाडीची वेळ झाली होती. परत आल्यावर 'मी पाहिलेली मुंबई' या विषयावर निबंध लिहून घेतले. बहुतेक मुलांनी नटांचे बंगले लिहिले. त्यात मुलांचा दोष नव्हता; जे दाखविले तेच त्यांनी लिहिले. एका मुलीचा निबंध मात्र सहा ओळींचा होता. तिने लिहिले होते की, आमची बस कांदिवलीवरून गेली, माझे वडील तेथे बांधकामावर कामाला आहेत, मी खिडकीतून पाहिले, पण बिल्डिंगी खूप होत्या.

त्या निबंधाला गुण किती द्यावेत, हे आम्हांस ठरविता आले नाही. वही बरेच दिवस टेबलावर पडून होती.

पुढील वर्षीच्या सहलीची तयारी करताना एम. ए.च्या वेळची जुनी टिपणे हाती आली, त्यांत सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाविषयीचे टिपण होते. परीक्षेत त्यावर उत्तर लिहून आम्ही तो लेख विसरलो होतो. त्याचा आशय असा : पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत, त्यांत मृगया व तशाच प्रकारच्या इतर करमणुकी असत. राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीस, म्हणजे बोधगयेस, गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत श्रमणांची व ब्राह्मणांची भेट घेऊन दान देणे, वृद्धांना भेटून त्यांना द्रव्य देणे, जनपदातील लोकांची भेट घेणे, त्यांना धम्म सांगणे आणि धम्माविषयी त्यांची विचारपूस करणे, एवढ्या गोष्टी येत. येथील 'विहार' या शब्दाने आपल्या वाचकांचा गोंधळ होण्याचा संभव आहे. भिक्खूंचे निवासस्थान हा अर्थ येथे नाही. मौजेखातर हिंडणे, हा अर्थ आहे.

सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका राजाने सहल आणि यात्रा यांतील फरक दगडावर कोरून ठेवला. आणि हा लेख सापडला कोठे? गिरनार, कालसी इत्यादी ठिकाणी तर आहेच; पण त्याचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात, मुंबईच्या सीमेवर, नालासोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. म्हणजे मुंबई कशी पाहावी याचे मार्गदर्शन मुंबईच्याच मातीत होते आणि आम्ही ते बसचालकाला विचारीत होतो.

म्हणून आता आमची सहल सोपाऱ्यापासून सुरू होते.

आज मुंबई म्हणून जो भूभाग आपण ओळखतो, तेथे त्या काळी समुद्रातली बेटे आणि कोळ्यांच्या वस्त्या होत्या. मोठी नगरे होती ती सोपारा, कल्याण आणि चौल. ही तिन्ही बंदरे. सोपारा म्हणजे बौद्ध वाङ्मयातील शूर्पारक. दिव्यावदानात याच नगराच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा येते, जो पुढे भिक्खू झाला. पालीतील पुण्णसुत्तातही सुनापरांत प्रदेशातील कठोर माणसांमध्ये जाण्यास निघालेला पुण्ण भेटतो. लोकांनी शिवीगाळ केली तर काय करशील, हाताने मारले तर, दगडाने मारले तर, शस्त्राने मारले तर, असे तथागत त्याला एकेक पायरी चढवीत विचारतात. ही कथा आम्ही लोकलच्या डब्यातच सांगतो. सकाळच्या वेळी विरारकडून येणाऱ्या गाड्या माणसांनी ओसंडून वाहतात; दादरहून विरारकडे जाणाऱ्या गाडीत मात्र बसावयास जागा मिळते. मुंबईची गर्दी कोणत्या वेळी कोणत्या दिशेने वाहते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे खेड्यातील मुलांनाही लोकलचे भय राहत नाही.

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेस थोड्या अंतरावर स्तूप आहे. प्रथमदर्शनी तो एक उंचवटा वाटतो आणि मुलांची निराशा होते. त्यांना सांचीसारखे काही अपेक्षित असते. तेव्हा आम्ही त्यांना बसवून या जागेचे जुने नाव सांगतो. आसपासचे लोक या टेकाडाला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. स्तूप विस्मृतीत गेला, भिक्खू गेले, बंदर गाळाने भरले. आणि लोकांनी त्या जागेची आठवण टोपल्या-सुपे विणणाऱ्या राजाच्या नावाने जपली. ही आठवण कोठून आली, हे संशोधकांनी शोधावे. आपल्या मुलांपैकी कित्येकांच्या घरी आजही सुपे, टोपल्या, झाडू विणले जातात. राजा बुरुड असू शकतो, ही कल्पना त्या मुलांच्या चेहऱ्यावर काय करते, ते तेथे बसून पाहण्यासारखे असते.

१८८२ साली याच स्तूपाच्या गाभ्यात भगवानलालांना दगडी पेटी मिळाली. तिच्या आत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे इवलेसे तुकडे आणि सोन्याची फुले. ते तुकडे तथागतांच्या भिक्षापात्राचे, अशी श्रद्धा होती. सोन्याच्या पोटात माती ठेवणारी ही माणसे होती. करंडकाभोवती आठ बुद्धमूर्ती मांडलेल्या होत्या. सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. अशोकाचा नववा लेखही पुढे याच परिसरात, भुईगाव येथे, सापडला, तो १९५६ साली. त्यात सम्राट म्हणतो की आजारपण, लग्न, जन्म, प्रवास या निमित्तांनी लोक नाना मंगलविधी करतात, त्यांचे फळ अल्प; खरे मंगल म्हणजे दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन, गुरुजनांविषयी आदर, प्राणिमात्रांविषयी संयम. ज्या वर्षी नागपुरास धम्मदीक्षा झाली त्याच वर्षी हा दगड वर आला, हा योगायोग होय. त्याला चमत्कार समजू नये. इतिहासाच्या विद्यार्थ्याने योगायोगाचा आनंद घ्यावा, पण त्यावर सिद्धान्त उभारू नये.

दुसरा दिवस पूर्णपणे कान्हेरीचा. सोमवारी राष्ट्रीय उद्यान व लेणी बंद असतात, हे सहल आखणाऱ्याने आधी लिहून ठेवावे; एकदा आम्ही फाटकावरून परतलो आहोत. बोरिवली पूर्वेस उद्यानाचे प्रवेशद्वार आहे आणि तेथून लेणी सुमारे सहा किलोमीटर आत, जंगलात. चहूबाजूंनी एवढे शहर असता मध्यभागी ही शांतता कशी राहिली, याचे आश्चर्य वाटते. काळ्या खडकावरून या डोंगराला कृष्णगिरी हे नाव पडले, त्याचे कान्हेरी झाले. येथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि ती हजारभर वर्षे नांदती होती. अजिंठा आपल्या बाजूस असल्यामुळे आपणांस त्याचा अभिमान. परंतु एका डोंगरावर एवढी लेणी आणि एवढा दीर्घ काळ अखंड वस्ती, हे कान्हेरीचेच वैशिष्ट्य होय.

तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सातवाहन काळातील आहे. दोन व्यापारी भावांनी ते करविले. आत चौतीस खांब. त्यांपैकी काहींचेच माथे कोरलेले आहेत, बाकीचे साधे अष्टकोनी ठेवले आहेत. काम अपुरे राहिले, तरी चैत्य उपयोगात आला. दर्शनी भागात दोन्ही बाजूंस सुमारे तेवीस फूट उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत, त्या पुढील शतकांतील. मुले येथे बराच वेळ थांबतात, छायाचित्रे घेतात. आम्ही थांबतो ते पुढे, साध्या लेण्यांपाशी.

कारण कान्हेरीचे खरे वैभव पाण्यात आहे. जवळपास प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात कोरलेले टाके आहे. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी पन्हाळीतून वळवून त्यात साठविले जाई. शिलालेखांत या टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. आता हे दान कोणी दिले ते पाहा. लेखांत दात्याचे गाव येते, व्यवसाय येतो, कधी कुटुंबातील माणसांची नावे येतात. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दिली आहे. कल्याणच्याच एका लोहाराने वाट दिली आहे. भिक्खुणींची दाने आहेत, स्त्रियांची आहेत. कोणी 'अखयनीवी' ठेवली आहे, म्हणजे मुद्दल न मोडता त्याच्या उत्पन्नातून भिक्खूंच्या चीवराची सोय करावी, अशी कायमची ठेव. आपल्या विद्यालयाचा विद्यार्थी साहाय्य निधी याच पद्धतीने चालतो. फक्त ते नाव आपण विसरलो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या लेखांवरून त्या काळी समाजात उच्चनीच भाव नव्हता, असे सिद्ध होत नाही. आमच्या काही उत्साही मित्रांना तसे म्हणावयास आवडते, पण इतिहास तेवढे देत नाही. एवढेच सिद्ध होते की लोहाराचा घाम आणि व्यापाऱ्याचे धन एकाच डोंगरावर, एकाच प्रकारच्या अक्षरांत नोंदले गेले आणि लोहाराने केलेल्या वाटेने सर्व चालले. आम्हांला तेवढे पुरेसे वाटते. ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर उभे राहता येत नव्हते, ती मुले पोढीच्या काठावर बसून डबा उघडतात, तेव्हा महाडचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

अकराव्या लेण्यात लांबच लांब दगडी बैठका आहेत. वेरूळचे पाचवे लेणे पाहिलेल्या मुलांना त्या लगेच ओळखू येतात. येथे आम्ही तासभर वर्ग घेतो. पुढे नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. अकराव्या शतकाच्या प्रारंभी आलेल्या पारशी प्रवाशांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत. एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, त्यांनी भिंतीवर नावे लिहिली तर तो इतिहास आणि आम्ही लिहिली तर दंड, असे का?" प्रश्न बिनतोड होता. हजार वर्षे थांबण्याची तयारी असेल तर विचार करू, एवढेच उत्तर आम्हांस सुचले.

परतताना मागील बाजूस विटांच्या लहान स्तूपांचे ओटे लागतात. येथे राहून गेलेल्या भिक्खूंच्या अस्थींवर ते उभारले होते. तेथे मुले आपोआप हळू बोलतात.

पहिल्या दिवशीच्या संध्याकाळी कोणतेही स्थळ नसते, हे आता सांगावयास हरकत नाही. उपनगरातील एका विहाराच्या सभागृहात आमचा मुक्काम असतो आणि त्या संध्याकाळी ज्या मुलांचे आईवडील, भाऊ, मामा, मावशी मुंबईत कामाला आहेत, त्यांना तेथे बोलाविले जाते. पहिल्या वर्षी अकरा पालक आले. काही कामावरूनच, सिमेंटने माखलेल्या पायांनी आले आणि सभागृहाच्या दारात थांबून राहिले. त्यांना आत या, आत या, असे तीनदा म्हणावे लागले. अशोकाच्या लेखात जनपदातील लोकांच्या भेटीचा आणि विचारपूस करण्याचा जो उल्लेख आहे, त्याचा अर्थ आम्हांस त्या सायंकाळी कळला. मुले वडिलांना विचारतात : तुम्ही कोणती इमारत बांधली? किती मजल्यांची? तीत कोण राहते? आणि दुसऱ्या दिवशी लोकलच्या खिडकीतून एखादा मुलगा बोट दाखवून सांगतो, ती माझ्या बापाने बांधली. ते स्थळ कोणत्याही यादीत नसते.

तिसरा दिवस दक्षिण मुंबई, परळ आणि दादर यांचा. दक्षिण मुंबईत पाहण्यासारखे पुष्कळ आहे, आणि आम्ही भरभर पाहतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत, मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा, बाबासाहेबांनी वकिली केली ते उच्च न्यायालय, हे रस्त्यावरूनच. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयास मात्र दीड तास द्यावा. सोपाऱ्याचा अशोकलेख तेथे पाहावयास मिळतो. दोन दिवसांपूर्वी ज्या भूमीवर बसलो होतो तेथला दगड समोर पाहून मुले त्यातील ब्राह्मी अक्षरे वहीत उतरवू लागतात. सिंधमधील मीरपूरखास येथील स्तूपावरच्या मातीच्या बुद्धमूर्तीही याच संग्रहालयात आहेत.

गेटवे ऑफ इंडिया आम्ही वगळलेले नाही. राजा पंचम जॉर्ज १९११ साली मुंबईस उतरला, त्याच्या स्मरणार्थ ही कमान बांधली. ती १९२४ साली पुरी झाली. आणि शेवटची ब्रिटिश पलटण १९४८ साली याच कमानीखालून बाहेर पडली. परंतु मुलांना तेथून पाठ फिरवून पाच मिनिटे चालावयास सांगावे. रीगल चित्रपटगृहासमोर आज राज्य पोलिसांचे मुख्यालय ज्या इमारतीत आहे, तेथे पूर्वी मुंबई इलाख्याचे कौन्सिल हॉल होते. १० जानेवारी १९३८ रोजी खोती पद्धतीविरुद्ध हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली या कौन्सिल हॉलवर आला. कोकणातून माणसे बोटींनी व आगगाड्यांनी आली होती. राजासाठी बांधलेली कमान सर्व जग पाहते. कुळांनी चाललेला रस्ता दाखविण्यास तेथे पाटीही नाही, म्हणून तो शिक्षकाने दाखवावा लागतो.

समुद्राचा विषय निघालाच आहे तर आणखी एक प्रसंग. महाडच्या दुसऱ्या परिषदेस जाण्यासाठी बाबासाहेब व त्यांचे सहकारी २४ डिसेंबर १९२७ रोजी मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले आणि दासगाव बंदरात उतरून पुढे महाडला चालत गेले. चौपाटीवर मुलांनी भेळ खावी, वाळूत खेळावे. पण दक्षिणेकडे हात करून ही दिशा त्यांना दाखविण्यास काय खर्च येतो?

चर्नीरोड स्थानकालगत एक उद्यान आहे. प्रवासी त्याच्याकडे पाहतही नाहीत. शाळकरी भीमराव वाचावयास या उद्यानात येऊन बसत. तेथेच शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांची दृष्टी त्यांच्यावर पडली. पुढे एका सत्कारप्रसंगी केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. ते पुस्तक कोठवर पोहोचले हे आपण जाणतो. ज्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव शिकत होते, त्याच शाळेत फळ्याकडे जाण्यास त्यांना सांगताच इतर मुले फळ्यामागील आपले डबे उचलावयास धावली होती. एकाच शहरात, एकाच मुलाच्या वाट्याला डबे उचलणारी मुले आणि पुस्तक देणारा शिक्षक, दोन्ही आले. आम्ही शिक्षक असल्यामुळे त्या उद्यानात थोडे अधिक रेंगाळतो, हे कबूल केले पाहिजे.

फोर्टात दादाभाई नौरोजी मार्गावर आनंद भवन व बुद्ध भवन या इमारतींत सिद्धार्थ महाविद्यालय आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने २० जून १९४६ रोजी ते सुरू केले. आपल्या विद्यालयाचे काही माजी विद्यार्थी तेथे शिकले. त्यांनीच आमच्या मुलांना ते दाखवावे.

परळ हा भाग प्रेक्षणीय स्थळांच्या पुस्तकांत नसतो. बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, म्हणजे बी. आय. टी. चाळीत, क्रमांक एकच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर पन्नास व एक्कावन्न क्रमांकाच्या दोन खोल्यांत बाबासाहेबांचे कुटुंब १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे राहिले. एवढ्याशा जागेत संसार, अभ्यास आणि चळवळ एकत्र नांदली. रमाईंनी ज्या जिन्यावरून पाणी वाहिले, तो जिना मुलांनी एकदा चढून पाहावा. मात्र त्या चाळीत आजही कुटुंबे राहतात. चाळीस मुलांनी गोंगाट करीत जिन्यावर गर्दी करू नये. पाच-पाच जणांनी जावे, पादत्राणे हातात धरावीत आणि कोणाच्या दारात डोकावू नये.

आजूबाजूस गिरण्या होत्या. त्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत, क्वचित एखादी चिमणी शिल्लक आहे. मुलांना चिमणी दाखविताना आम्ही त्यांना एक प्रश्न विचारतो : अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, ते का? उत्तर असे की, धोट्यात नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्यांच्या तोंडचे सूत इतर कामगारांना चालत नसे. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती. कारखाना आधुनिक, यंत्र विलायतेचे, पगार महिन्याचा. आणि विटाळ मात्र गावचाच. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे ठेवला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावच विरून गेले.

आणि परळमधलेच दामोदर हॉल. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली व तिचे कार्यालय तेथे होते. म्हणजे ज्या वर्षी गेटवेची कमान पुरी झाली, त्याच वर्षी ही सभा उभी राहिली. सभेचे पहिल्या कामांपैकी एक कोणते? ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह. आपल्या मुलांपैकी प्रत्येकजण वसतिगृहात राहतो, सकाळी साडेपाचच्या घंटेला कुरकुर करतो, आमटी पातळ असल्याची तक्रार करतो. (आमटी पातळ असते, हे आम्हीही मान्य करतो.) त्या वसतिगृहाचे मूळ परळच्या एका सभागृहातील ठरावात आहे, हे त्याने तेथे उभे राहून ऐकावे.

दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृह बाबासाहेबांनी मुख्यतः ग्रंथांसाठी बांधले. तळमजल्यावर संग्रहालय आहे. याच घरात २७ मे १९३५ रोजी रमाईंचे निधन झाले आणि याच घरातून ७ डिसेंबर १९५६ रोजी अंत्ययात्रा निघाली. मुले बाबासाहेबांचे टेबल व खुर्ची पाहतात. दोन खोल्यांची चाळ पाहून तासाभरात राजगृहात आले, तर मधला बावीस वर्षांचा प्रवास त्यांना डोळ्यांनी दिसतो. म्हणून हा क्रम बदलू नये.

शेवटी चैत्यभूमी. पाऊण तास नव्हे, दुपार टळल्यापासून दिवेलागणीपर्यंत. बाबासाहेबांच्या पार्थिवावर येथे अंत्यसंस्कार झाले तेव्हा भदंत आनंद कौसल्यायन उपस्थित होते आणि शोकाकुल जनसमुदायाने त्याच ठिकाणी धम्मदीक्षा घेतली. आजचे चैत्य ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते खुले झाले. वास्तू लहान आहे; सांचीच्या तोरणासारखे प्रवेशद्वार, आत अस्थी, मागे समुद्र. ६ डिसेंबरला पालक आपल्या मुलांना अवश्य नेतात, न्यावेच; त्या दिवशी शिवाजी पार्कवर पुस्तकांची जी विक्री होते ती पाहणे हेच एक शिक्षण आहे. परंतु लहान मुलांना समजावून सांगावयाचे असेल, तर वर्षातील दुसरा एखादा दिवस निवडावा.

वेळ असल्यास आणखी काही स्थळे. गोराईचा विपश्यना पॅगोडा भव्य आहे. खांबाशिवाय उभारलेल्या त्याच्या दगडी घुमटाखाली आठ हजार माणसे बसू शकतात. वरळीचे जपानी बुद्धमंदिर लहान व शांत आहे. अंधेरीची महाकाली, म्हणजे कोंडिविटे लेणी, आता पुरती शहराने वेढली आहेत. घारापुरीची मुख्य लेणी शैव आहेत, ती कला म्हणून पाहावीत, आणि त्याच बेटावर दुसऱ्या टेकडीवर स्तूपाचे अवशेष आहेत हेही सांगावे. ती लेणीही सोमवारी बंद असतात. पावसाळा टाळावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. तरीही किनाऱ्याच्या दमट हवेची सवय नसल्याने मराठवाड्यातील मुले लवकर थकतात, म्हणून पाण्याची बाटली व टोपी प्रत्येकाजवळ हवी.

त्या सहा ओळींच्या निबंधाची वही आम्ही परत दिली नाही. ती मुलगी पुढे डी. एड. झाली, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविते. मागील वर्षी ती आपल्या वर्गासाठी सहलीचा मार्ग विचारण्यास आली तेव्हा वही तिला दाखविली. तिने वाचली आणि विचारले, "गुरुजी, गुण किती दिले होते?"

मुंबईत स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांस एक विनंती. यंदाची सहल जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. पहिल्या संध्याकाळी साठ माणसांचे जेवण लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बोरिवली स्थानकाच्या पूर्वेस मुलांसोबत उभे राहण्यास चार जण हवेत, आणि त्यांपैकी एकाला तरी कान्हेरीच्या वाटा ठाऊक असाव्यात. ज्यांना शक्य आहे त्यांनी डिसेंबर अखेरीपर्यंत विद्यालयाच्या कार्यालयात कळवावे.